रोजची गाडी ट्रॅकला न्यायची, तर कशाला हात लावायचा

म्हापशातला माझा एक मित्र गेले दोन महिने डोकं खातोय. त्याच्याकडे वापरलेली ऑक्टाव्हिया आरएस २४५ आली आहे. रोज पर्वरीला ऑफिस, रविवारी डिचोलीला सासुरवाडी, आणि आता कोईमतूरच्या करी या रेस ट्रॅकवर जायचा बेत. "अरे, कॉइलओव्हर घालू की सेमी-स्लिक टायर? की हिला हातच नको लावू, ट्रॅकसाठी एखादी जुनी गाडीच घेऊ?" (कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारं स्प्रिंग-शॉकअप, सेमी-स्लिक म्हणजे कमी खाचांचे ट्रॅकचे टायर.) त्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहितो. गाडी पोलो जीटी असो, मिनी कूपर एस असो की बीएमडब्ल्यू एम३४०आय, प्रश्न थोड्याफार फरकाने तेच आहेत.

माझा कल आधीच सांगून टाकतो. प्रत्येक पर्याय मी परतीच्या प्रवासावर घासून बघतो. गोव्यात ट्रॅक नाही. कोईमतूर कुठल्याही वाटेने गेलात तरी आठशे-नऊशे किलोमीटर. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅकही जवळ नाही, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तर विचारूच नका. पुण्याकडे मावळात नानोलीला नवा ट्रॅक झालाय, तो आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचा. पण कुठेही गेलात तरी हिशेब हाच: ट्रॅकवर गाडी जेमतेम तास-दीड तास पळणार, रस्त्यावर दोन दिवस. आणि सोमवारी सकाळी तीच गाडी पर्वरीच्या पार्किंगमध्ये उभी हवी.

आता पहिली निवड, आणि सगळ्यात स्वस्त: ब्रेक ऑइल.

हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो तेव्हा टायर नवे, इंजिन ऑइल नवं, गाडी धुऊन चकाचक. ब्रेक ऑइलकडे बघितलंच नव्हतं, तीन वर्षांचं जुनं होतं. चौथ्या फेरीत पेडल जरा खोल गेल्यासारखं वाटलं. पाचव्या फेरीत सरळ रस्ता संपताना पाय दाबला आणि पेडल ओल्या स्पंजात रुतावं तसं खाली गेलं. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा भराभर दाबल्यावर थोडं काही हाताशी, म्हणजे पायाशी, लागलं. गाडी वळणाबाहेरच्या मातीत जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढली तेव्हा बाटलीत उतरलेलं ऑइल काळ्या चहासारखं होतं.

कारण साधं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. टाकीच्या झाकणातून, रबरी होजमधून थोडी थोडी आत जात राहते. पाणी मिसळलं की उकळबिंदू घसरतो, कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागात, वाफेचे बुडबुडे होतात आणि तुमचा पाय ऑइल ढकलायचं सोडून वाफ दाबत बसतो. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा किमान उकळबिंदू कोरडं असताना २३० अंश, ओल धरल्यावर १५५. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८०. आपल्याकडे जूनपासून चार महिने कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे ऑइल कोरडं राहील अशी आशा करू नये.

आणि उष्णता किती, तर दीड टनाची गाडी ताशी १५० वरून ६० वर आणली की जवळपास ११ लाख ज्यूल ऊर्जा सोडते. तेवढ्यात साडेतीन लिटर पाणी घरच्या तापमानावरून उकळीला येईल. हे काही सेकंदांत, एका वळणासाठी, आणि यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर. वळणं संपत नाहीत, फेऱ्याही नाहीत.

पर्याय दोन. कंपनीच्या दर्जाचं साधं डॉट ४ ताजं भरायचं, किंवा रेसिंगचं, उदाहरणार्थ मोटुल आरबीएफ ६००, ज्याचा कोरडा उकळबिंदू ३१२ अंश आहे. मी दुसरं घेतो. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पुरतात, रोजच्या वापरात काही त्रास नाही. फक्त ते वर्षाला बदलायचं, आणि बदलायचं ते पावसाळा संपल्यावर, आधी नाही. कॅस्ट्रॉल एसआरएफ त्याहून वरचं, ओल धरल्यावरसुद्धा २७० अंशांपर्यंत टिकणारं, पण त्याची किंमत ऐकून मित्राने फोन ठेवला होता. सिलिकॉनवालं डॉट ५ मात्र चुकूनही यात मिसळू नका, ती जातच वेगळी.

पॅडची निवड अवघड आहे. रोजचे पॅड तापले की दगा देतात. याची खूण ऑइलपेक्षा वेगळी, ती ओळखता आली पाहिजे: पेडल कडकच राहतं, तुम्ही दाबताय, आणि गाडी थांबत नाही. पेडल मऊ पडलं तर ऑइल, कडक राहून गाडी सरकत राहिली तर पॅड.

उलट टोकाला खरे रेसिंग पॅड. ते तापेपर्यंत धड पकडतच नाहीत, डिस्क खातात, आणि ओरडतात. मी एकदा ते काढायचा कंटाळा करून आठवडाभर तसेच ठेवले. सकाळी वाड्यावरून निघताना ब्रेकचा असा किंचाळा उठायचा की पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल थांबवून वळून बघायचा. त्याचा भोंगा त्यापुढे काहीच नाही. गंमत सोडा, थंड पॅड घेऊन पर्वरीच्या उतारावर समोर पायलटची, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याची, मोटरसायकल आडवी येणं ही गंमत नव्हे.

मधला वर्ग आहे, फास्ट रोड म्हणून मिळतो. थंडही चालतो, वीस मिनिटांचं सत्र सावकाश माणसाला काढून देतो. पहिल्या एक-दोन ट्रॅक डेजना हाच घ्या. पुढे वेग वाढला की दोन सेट ठेवा: रेसिंगचे पॅड डिकीत न्यायचे, तिथे पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत) बदलायचे, निघताना परत बदलायचे. हात बसला की पुढच्या दोन चाकांना तासाभराहून जास्त लागत नाही. नवे पॅड मात्र आधी डिस्कवर बसवून घ्यायचे, हळूहळू तापवून आणि पूर्ण थंड होऊ देऊन. सत्र संपल्यावर हँडब्रेक ओढून उभं राहू नका, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. एक फेरी सावकाश मारून या आणि गाडी पार्किंग गिअरमध्ये ठेवा.

टायरवर आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. त्याला मिशलिनचे पायलट स्पोर्ट कप २ हे सेमी-स्लिक हवे आहेत, तेच रोज वापरायचे म्हणतो. मी म्हणतो रस्त्यासाठीचा पायलट स्पोर्ट ४एस किंवा त्या तोडीचं काही घाल. कोरड्या ट्रॅकवर कप २ फेरीमागे सेकंद काढून देईल, वाद नाही. पण त्याच्या खाचा मुळातच कमी, आणि ट्रॅकवर झिजल्या की उरतातच किती? कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. तेवढ्या खाचांवर जुलैत चोर्ला घाटात, वाहत्या पाण्यात, उतारावर वळायचं म्हणजे गाडी पाण्यावर तरंगणार. कोईमतूरची आणखी एक खोड लक्षात ठेवा: आपला पाऊस ओसरला की तिकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलात तर सेमी-स्लिक घेऊन पावसात बसाल. जानेवारी-फेब्रुवारी बरे.

तिसरा मार्ग चाकांचा दुसरा सेट. ऑक्टाव्हियाला इथे मोठा फायदा आहे. डिकी ५९० लिटरची, मागची सीट पाडली की चार चाकं, जॅक, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), सगळं मावतं. बायको मावत नाही, हे आधीच सांगून ठेवावं. मिनीवाल्यांना हा पर्याय विसरावा लागेल. चाकं बदललीत तर बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, या गाडीला १२० न्यूटन-मीटर, आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासा.

हवेचं म्हणाल तर माझ्या गाडीत थंड असताना ३२ पीएसआयने सुरुवात केली की सत्राअखेर ३९-४० होते. गरम असताना कमी करायची, आणि घरी निघण्याआधी, टायर गार झाल्यावर, परत भरायची. हे विसरून लोक बसक्या टायरवर हायवेला लागतात.

सस्पेन्शनकडे येऊ, जिथे सगळ्यात जास्त पैसा जातो आणि माझ्या मते सगळ्यात कमी अक्कल. गाडी खाली बसवली की दिसते झकास. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकच खांब) असलेली गाडी फार खाली घेतली की खालच्या आर्मचा कोन बिघडतो आणि गाडी वळणावर कलायला उलट जास्त बघते. मग ते दाबायला अजून कडक स्प्रिंग. मग आपल्या वाड्यावाड्यांतले हौशी गतिरोधक, जे कुणी कुठल्या मापाने घालतं देव जाणे. शिवाय खारी हवा आणि तांबडी माती. कॉइलओव्हरच्या आट्यांमध्ये ही माती बसते, मीठ तिला साथ देतं, आणि दोन पावसाळ्यांनी उंची बदलायची म्हटलं तर पान्यालाही दाद देत नाही. ज्या बदलण्याच्या सोयीसाठी पैसे मोजले, तीच गेली.

त्याऐवजी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ट्रॅकवर पुढच्या टायरची बाहेरची कड खाल्ली जाते, कारण वळणात चाक बाहेर कलतं. वरच्या बाजूने चाक थोडं आत झुकवलं, म्हणजे उणे कॅम्बर दिला, की रबर सपाट टेकतं. उणे दोन अंशांच्या आसपास गेलात तर फरक पहिल्याच फेरीत कळतो. मूळ रचनेत तेवढी मोकळीक नसते, वर कॅम्बर प्लेट घालाव्या लागतात, आणि त्या खडखडतात. मी दीड अंशावर समाधान मानलं. रोजच्या टायरची आतली कड कॅम्बरपेक्षा चुकीच्या टो-मुळे (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) लवकर जाते, म्हणून टो शून्याजवळ ठेवून घ्या आणि अलाइनमेंटवाल्याकडून छापील कागद मागा. मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) जाड करणं हा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीवरचा स्वस्त उपाय, नाक वळायला लागतं. पण ओल्या घाटात शेपूटही सुटायला बघते. मी बसवला आणि तीन महिन्यांनी काढला.

इंजिनात काही करू नका. २४५ हॉर्सपॉवर आणि ३७० न्यूटन-मीटर नवशिक्याला करीच्या २.१ किलोमीटरमध्ये वापरता येत नाहीत, मला अजून येत नाहीत. इंजिन ऑइल ताजं असू द्या, टाकी अर्ध्याच्या खाली नको.

बकेट सीट (अंगाला घट्ट धरणारी रेसिंगची सीट) आणि हार्नेस (अनेक पट्ट्यांचा रेसिंगचा बेल्ट) ही माझी नावड आहे. चार पट्ट्यांचा हार्नेस कंपनीच्या सीटवर बांधला तर धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकू शकतो. मागे रोल केज, म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा, घातला तर रोजच्या रस्त्यावर, हेल्मेट नसताना, डोकं आपटायला लोखंडी नळी तयार. कंपनीचा तीन बिंदूंचा पट्टा आणि एअरबॅग एकमेकांसाठी बनवलेले आहेत, त्यांना एकत्र राहू द्या. खर्च हेल्मेटवर करा.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीचा मूळ तपशील बदलू देत नाही, आणि कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ऑइल, पॅड आणि मूळ मापाचे टायर या भानगडीत येत नाहीत. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर येतो. विम्याच्या कागदावर रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, ते ओळीने वाचा. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा असं धरूनच जा. या एका गोष्टीने मित्र जरा गप्प झाला.

आणि तिथेच दोन गाड्यांचा पर्याय खरा उभा राहतो. जुनी स्विफ्ट किंवा एस्टीम घ्यायची (दक्षिणेतले रेसिंगवाले एस्टीमवर अजून जीव टाकतात), आतलं सगळं काढून टाकायचं, ठोकली तर हळहळायचं नाही. ब्रेक स्वस्त, टायर छोटे, वजन कमी म्हणून सगळंच कमी झिजतं. शिकायला ही गाडी आरएसपेक्षा चांगली, हे मी मान्य करतो. पण ती कोईमतूरला नेणार कशी? इतके फेरफार केलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणजे फ्लॅटबेड (गाडी वाहून नेणारा ट्रक), जाता-येता. वर्षातले चार-पाच दिवस सोडले तर उरलेले दिवस ती अंगणात ताडपत्रीखाली गंजणार, आणि आपल्याकडे ताडपत्रीखाली वस्तू उघड्यापेक्षा लवकर गंजते. वर्षाला सहा-सात वेळा जाणार असाल, दक्षिणेत कुणाकडे गाडी ठेवायची सोय असेल, तर दोन गाड्या. दोन-तीन वेळा जाणार असाल तर एकच, आणि तिला ऑइल, पॅड, अलाइनमेंट, एवढंच.

मित्राचा आकडा सध्या "बघू, दोनदा तरी" असा आहे. ऑइलच्या बाटल्या त्याने मागवल्या, पॅड फास्ट रोडवाले ठरले. कॉइलओव्हरचं त्याने स्वतःहून काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही. कप २ साठी मात्र काल रात्री पुन्हा फोन होता.