अणशीजवळ आपला तंबू टाकायला जागा : जोयड्याकडच्या एका घरगुती कॅम्पला माझे साडेचार स्टार

थंडी पडायला लागली की बेळगावात ज्याच्या घरी तंबू पडून आहे तो प्रत्येक जण हेच विचारतो, उत्तर कन्नडातल्या अणशीच्या जंगलाकडं जायचंय, तंबू कुठं टाकू? आणि उत्तरं येतात ती सगळी दांडेलीच्या रिसॉर्टची, तिथं तंबू त्यांचा, गादी त्यांची, वर बुफे. आपल्याला ते नको असतं, आपल्याला आपला तंबू आपल्या हातानं ठोकून जंगलाच्या कडेला एक रात्र काढायची असते. तशी जागा मला मिळाली, आवडली, म्हणून नीट सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट, जंगलात तंबू टाकता येत नाही. अणशी 1987 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, शेजारचं दांडेली अभयारण्य आणि अणशी मिळून 2007 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. रस्त्याकडेला मोकळी सपाट जागा दिसली, ओढा दिसला, म्हणून गाडी लावून चूल पेटवली असं तिथं चालत नाही, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकणं हाच गुन्हा आहे. आपल्या खानापूरच्या भीमगडालाही तेच, 2011 पासून ते अभयारण्य आहे, आणि तरी अजून पोरं हेम्मडग्याच्या बाजूला "जाऊन बघू की, कोण विचारतंय" म्हणून निघतात. नका निघू. रात्री पेटवलेली शेकोटी सकाळी विझली असं आपल्याला वाटतं, पण उन्हाळ्याच्या तोंडावर वाळक्या पानांच्या थराखाली ती धुमसत राहते, आणि मग आग विझवायला जातात ते तिथलेच वॉचर, हातात हिरव्या फांद्या घेऊन.

मग उरतात दोन वाटा. एक वनखात्याचे स्वतःचे कॅम्प, त्यात दांडेलीपासून साधारण 12 किमीवरचं कुळगी सगळ्यात सोयीचं. झाडाखाली तंबू उभेच असतात, जंगलाची माहिती देणारं केंद्र आहे, लहान पोरं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर डोळे झाकून तिथं जा, फक्त बुकिंग आधी करा. पण आपला तंबू तिथं टाकायचा नसतो. दुसरी वाट म्हणजे जंगलाला लागून असलेल्या गावातली कुणाची तरी मालकीची जमीन, आणि मी लिहितोय ते त्यातलंच.

त्याच्या आधीची एक रात्र आम्ही काळी नदीच्या काठाला एका खासगी ठिकाणी काढली, नाव घेत नाही. फोनवर "सर फुल नेचर, फुल सायलेंट" असं सांगितलं होतं. पोचलो तर प्रत्येक झाडाला लाइटच्या माळा, साडेअकरापर्यंत स्पीकर, रेन डान्स, आणि नदीकडं तोंड करून मोठा फ्लडलाइट. पलीकडच्या काठाला जंगल आहे हो, तिथं पाण्याला येणारं जनावर त्या उजेडात कसं येईल? पैसे गेल्याचं दुःख नाही, पण व्याघ्र प्रकल्पाच्या उंबऱ्यावर असला धिंगाणा बघून मनापासून वाईट वाटलं. तेव्हापासून माझं ठरलंय, कॅम्पची जागा विचारताना स्विमिंग पूल आहे का हे विचारायचंच नाही, रात्री दिवे किती वाजता बंद करता हे विचारायचं. ज्याच्याकडं याचं सरळ उत्तर असतं ती जागा बहुतेक चांगली निघते.

आता मूळ मुद्दा. जोयड्याहून कुंभारवाड्याच्या दिशेला, मुख्य रस्ता सोडून आत एक कुणबी कुटुंब राहतं. बोर्ड नाही, जागेला नाव नाही, घर, गोठा, मागं पोफळीची बाग आणि पुढं भातशेती. भात कापून झालं की खळ्याशेजारचा एक तुकडा ते तंबूवाल्यांना देतात. आमच्याकडून माणशी 600 घेतले, त्यात रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता, आणि जागा. आपला तंबू नसेल तर ओसरीवर चटई घालून देतात.

गाडी लावली तशी काकूंनी पहिल्यांदा पाणी दिलं आणि काकांनी विचारलं, "तंबू किती जणांचा?" मला वाटलं पैशासाठी विचारतायत. तसं नव्हतं, त्यावर जागा ठरवायची होती. आम्ही पोफळीच्या सावलीकडं बघत होतो, तर म्हणाले, "तिकडं नको दादा, रात्री झावळ पडली तर तंबू फाडून आत येईल." मग त्यांनी कोयत्यानं भाताचे सड जमिनीलगत कापून काढले, कारण वाळलेल्या सडाचं टोक तंबूच्या बुडाला सहज भोक पाडतं, वर पेंढा पसरला, त्यावर आमची ग्राउंडशीट. बांधापासून चार हात लांब, कारण बांधाच्या बिळात उंदीर आणि उंदरांमागं साप. तंबूचं दार घराकडं. एवढं सगळं त्यांनी पंधरा-वीस मिनिटांत केलं आणि एकदाही "आम्हाला माहितीय, तुम्हाला नाही" असा सूर नाही. तंबू विकणाऱ्या दुकानात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

जेवण चुलीवरचं. नाचणीची भाकरी, भात, कुळथाचं सार, आणि मुडलीची भाजी. जोयडा तालुका कंदमुळांसाठी प्रसिद्ध आहे, तिथल्या कुणबी लोकांनी मुडली, कोन असले किती तरी कंद पिढ्यान्‌पिढ्या जपलेत आणि जोयड्यात त्यांचा मेळाही भरतो. भाजीत तिरफळं होती की काय ते कळलं नाही पण चव अजून जिभेवर आहे. चिकन पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. दारू चालत नाही, हे काका फोनवरच सांगतात, पुन्हा विचारू नका.

साडेनऊला अंगणातला बल्ब बंद. काकांचं सांगणं एवढंच, रात्री बाहेर यायचं झालं तर टॉर्च घेऊन आणि बूट झटकून, खायचं काहीही तंबूत ठेवायचं नाही, सगळं घरात द्यायचं, आणि कुत्रं भुंकलं तर तंबूतच थांबायचं, ते बघतील. पहाटेपर्यंत दव एवढं पडतं की रेनफ्लायच्या, म्हणजे तंबूवरच्या पावसाच्या कापडाच्या, आतून पण पाणी ओघळतं, त्यामुळं तंबूच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा आणि जाडजूड पांघरूण न्या. सकाळी धनेश आले. आधी पंखांचा आवाज येतो, वाफेचं इंजिन लांबून येतंय असा, मग चोचीवरचं ते पिवळं शिंगासारखं दिसतं. दोन होते, वडाची फळं खात होते, एक फळ चोचीच्या टोकात धरायचं, मान मागं टाकून उडवायचं आणि गिळायचं, आम्ही चहा तसाच हातात धरून बघत उभे. गव्याचे खूर बांधाला उमटलेले होते ते काकांनी दाखवले, आम्हाला रात्री काही पत्ता लागला नाही.

अर्धा स्टार कुठं कापला ते सांगतो. बाथरूम-संडास एकच, घरच्यांचा आणि आपला मिळून, स्वच्छ आहे पण सहा-सातच्या वर माणसं असतील तर सकाळी खोळंबा होतो. शेवटचा रस्ता कच्चा आहे, खालून घासणारी गाडी नेऊ नका. तंबूजवळ चार्जिंग नाही आणि रेंज जवळपास नाहीच. हे शेवटचं मला चांगलंच वाटलं, पण घरी कुणी आजारी असेल तर विचार करून जा, निघायच्या आधी घरी गावाचं नाव सांगून ठेवा.

आजूबाजूला बघण्यासारखं भरपूर आहे. सिंथेरी रॉक्सचा तो जवळपास 300 फुटी कडा आणि खालून वाहणारी काणेरी नदी, कवळ्याची गुहा, गणेशगुडीचं सुपा धरण. पूर्वी तालुक्याचं गाव सुपाच होतं, ते पाण्याखाली गेलं आणि तिथली माणसं उठून रामनगरला आली, आपण बेळगावहून जाताना त्याच रामनगरमधून जातो. उळवीला लिंगायत संत चन्नबसवण्णांची समाधी आहे, माघ पौर्णिमेच्या सुमाराला तिथं जत्रा भरते, धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या निघतात, त्या दिवसांत रस्ता भरलेला असतो, शांतता पाहिजे असेल तर ते दिवस टाळा, जत्राच बघायची असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. एक कळकळीची विनंती, काळी नदीत पोहायला उतरू नका. धरणातून विजेसाठी पाणी सोडलं की कोरडा दिसणारा खडक बघता बघता पाण्याखाली जातो, आणि दांडेलीकडं नदीत मगरी आहेत.

जायचं कधी तर भात निघाल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात तिथं तंबूचा विषयच नाही, पाऊस तसला आणि जळवा तसल्या. रस्ता बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट, गणेशगुडी, जोयडा असा, पेट्रोल रामनगरलाच भरून घ्या. उजेडात पोचा, म्हणजे दुपारी चारच्या आत, कारण अंधारात जागा साफ करता येत नाही आणि त्या रस्त्याला जनावरं आडवी येतात.

नंबर मी इथं टाकत नाही, काकांनी तसं सांगितलंय, एका वेळी तीनच्या वर तंबू ते घेत नाहीत. जोयड्यात बाजारात उतरून कुणबी घरी राहायची सोय विचारली तर लोक आपणहून सांगतात, अशी घरं आणखी पण आहेत. कुठंही गेलात तरी जमीन मालकीची आहे का, होमस्टेचा परवाना आहे का, आणि शेकोटी कुठं पेटवायची, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. आमच्याकडं शेकोटी फक्त अंगणातल्या चुलवणात होती, आणि झोपायच्या आधी काकूंनी तिच्यावर दोन घागरी पाणी ओतलं.