मशीन ठीक, पण आधी दंड मोजा: ओमरॉन एचईएम-७१२०

घरी बीपी बघायला हे साधं मशीन पुरेसं आहे. दंडावर पट्टा, एक बटण, चार पेन्सिल सेल. ब्लूटूथ आणि ॲपसाठी जास्त पैसे मोजायची गरज बहुतेकांना नसते. तारीख-वेळ घालून आकडे वहीत उतरवले की डॉक्टरांना तेच हवं असतं.

खरेदी करताना बघायची गोष्ट म्हणजे कफ (खोकल्यातला नव्हे, पट्टा!). याच्यासोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. शिंप्याच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर मोजा. ३५ भरला तर मोठा पट्टा वेगळा घ्या. जाड दंडावर लहान पट्टा आवळला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि गोळी उगाच वाढते. मशीन खराब आहे अशा तक्रारींत पट्टा चुकीचा असणं हे नेहमीचं कारण.

आता आकड्यांविषयी. पाऱ्याच्या मशीनवर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या, म्हणून दवाखान्याच्या कागदावर १३४/८८ येतं, घाईत सरळ १३०/९०. डिजिटलवर १३३/८७ दिसलं की ते फार नेमकं वाटतं. पण कंपनी स्वतःच दाबाची अचूकता अधिक-उणे ३ सांगते, तेव्हा दोन-चार अंकांच्या फरकाने घाबरू नये. एकक मात्र पाऱ्याचंच राहिलं आहे. १२० म्हणजे १२० मिलिमीटर उंच पाऱ्याचा दाब. तोच पाण्यावर मोजायचा तर १६३ सेंटिमीटर उंच नळी लागेल. दुसऱ्या एखाद्या मशीनवर १६.०/१०.७ असं दिसलं तर सेटिंग किलोपास्कल या दाबाच्या दुसऱ्या एककावर गेलंय. ते १२०/८०च आहे.

हे मशीन डॉक्टरांसारखं ठोके ऐकत नाही. हवा सुटताना धमनीच्या धडधडीने पट्ट्यातला दाब किंचित हलतो, ते हेलकावे ते टिपतं आणि त्यावरून वरचा व खालचा आकडा गणिताने काढतं. म्हणूनच मोजताना बोललात, हात हलवला, की गणित बिघडतं.

पद्धत अशी. चहा, तंबाखू, जिना यानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, मांडी घालून नको. बाही दंडावर गुंडाळून आवळू नका, हात बाहेरच काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वर दोन बोटं, नळी आतल्या बाजूने खाली. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत: दंड १० सेंटिमीटर खाली राहिला तर बीपी ७-८ ने जास्त दिसतं. (मनगटाची मशीनं नेमकी इथेच फसतात.) एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून सरासरी काढा. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यातली रेघ १४०/९० ची आहे, दोन्हींची गल्लत नको.

पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार आली तर आकड्यांवर विसंबू नका, ईसीजी काढून घ्या.