छिन-ना शिकायचंय: गरुडपंजा की ताइ ची?

छिन-ना म्हणजे पकडून काबूत ठेवणं. मनगट, कोपर, बोटं पिरगाळण्याचे हे चिनी डाव थोडेफार बहुतेक शैलींत सापडतात. पण खास त्यासाठीच शिकायचं असेल, तर मी दोनच नावं घेईन: गरुडपंजा आणि चेन घराण्याची ताइ ची.

‘श्याओ चान स्स’, म्हणजे छोटा वेढा, हा एकच डाव घ्या. समोरच्याने उजव्या हाताने तुमचं उजवं मनगट धरलं. डाव्या तळव्याने त्याचा हात तिथंच दाबून ठेवायचा, उजवा पंजा बाहेरून फिरवून त्याच्या मनगटावर आणायचा आणि पंजाच्या कडेनं खाली दाबायचं. त्याचं कोपर वाकतं, मनगट दुमडतं आणि गडी गुडघ्यावर येतो.

गरुडपंजावाले हा डाव पकडीच्या जोरावर करतात. बोटांच्या टोकांनी मडक्याचं तोंड धरून उचलायचं, जमेल तशी आत वाळू वाढवत न्यायची, ही त्यांची जुनी मेहनत. पकडीचे १०८ डाव जोडीनं घोटून घेतात. त्यात तोडही येतात, पण ठरलेल्या क्रमानं. समोरून काय येणार हे आधीच ठाऊक असतं, आणि मला तिथंच खटकतं.

हेनानमधल्या चेनजियागौ गावच्या ताइ चीत उलटं. ‘थुइ शौ’मध्ये दोघं मनगटाला मनगट लावून फिरत राहतात, दाब कुठून वाढतोय ते कातडीला कळायला लागतं. छोट्या वेढ्याची तोड इथं खरी समजते. आपण घाबरून मनगट ताठ करतो, आणि ताठ मनगट म्हणजे समोरच्याला आयती मूठ! त्याऐवजी खांदा सैल, कोपर खाली आणि लगेच पाऊल आत. वेढा आवळायला जागाच उरत नाही, वर तुमचा खांदा त्याच्या छातीवर आदळतो. यालाच ‘खाओ’ म्हणतात. उशीर झाला तर मात्र ही तोड चालत नाही. मनगट पुरतं दुमडल्यावर पाऊल टाकलंत तर स्वतःचाच सांधा दुखवून घ्याल.

सांदाच्या, म्हणजे चिनी किकबॉक्सिंगच्या, स्पर्धांत सांधे पिरगाळायला बंदी आहे, त्यामुळे तिथं हे डाव पारखता येत नाहीत.

बोटांत मुळातच ताकद असेल आणि डावांचा साठा हवा असेल, तर गरुडपंजा. आधी सुटायला शिकायचं असेल, तर ताइ ची, पण जिथं थुइ शौ रोज होते तिथंच. नुसते संथ हातवारे चालत असतील, तर पुढचा वर्ग बघा.