'एकदम नवीन आहेत सर, नुसते पडून होते': जुन्या एमजीचे टायर घेताना माझे नव्वद हजार कसे गेले

आधीच सांगतो, फसवणारा फसवणाराच, पण 'ओरिजिनल पाहिजे, ओरिजिनल पाहिजे' करत मीच स्वतःच्या पायाने त्याच्या दारात गेलो. त्यामुळे वाचताना हसायला आलं तर हसा.

गाडी १९६७ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार, दोन सीटची, उघडी, तारांच्या चाकांची. घेतली तेव्हा पुण्यातच एका शेडमध्ये पंधरा वर्षं उभी होती. इंजिनाचं मला कधी टेन्शन नव्हतं, कारण तिचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्या जुन्या अँबेसिडरच्या १४८९ सीसीवाल्याच्याच खानदानातलं, दोन्ही बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, मुंबईची पालिका नव्हे) बी-सिरीज, त्यामुळे जुने मिस्त्री बॉनेट उघडलं की गाववाला भेटल्यासारखे खूश होतात. अडलं ते टायरवर. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, भेगा पडून भाकरीसारखे झाले होते.

टायरवर लिहिलेलं होतं १६५ एचआर १४. जुन्या टायरवर मधला प्रोफाइलचा आकडा (टायरची उंची रुंदीच्या किती टक्के तो) नसतोच, तो साधारण ८० च्या घरातला धरायचा. माझा मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, स्विफ्टच्या बेस मॉडेलचे टाका. १६५/८० आर १४. कुठल्याबी दुकानात मिळतील." मला ते इतकं लागलं की विचारू नका. म्हणजे मी ज्या गाडीची रंगाची डबी सुद्धा शेड नंबर जुळवून आणली तिला स्विफ्टचे टायर? जुन्या गाड्यांच्या रॅलीत उभी केली की लोक वाकून बघतात हो. मला ते जुन्या नक्षीचे, साइडवॉलवर जुन्या पद्धतीची अक्षरं असलेले इटालियन टायरच हवे होते.

आता असे टायर मिळणं आधीपासूनच अवघड, त्यात जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात 'रिस्ट्रिक्टेड' यादीत टाकली, म्हणजे लायसन्सशिवाय बाहेरून आणता येत नाहीत. आणि नेमका हाच मुद्दा त्या माणसाने मला विकला. एका रॅलीत ओळखीच्या ओळखीतून भेटला, बोलायला गोड, गाडीची माहिती खरोखर दांडगी, माझ्या गाडीचे कार्ब्युरेटर एसयू कंपनीचे आहेत हे न बघता सांगितलं (सगळ्याच एमजीबींना तेव्हा एसयूच असायचे, हे मला आता सुचतंय). म्हणाला, "सर, आता नवीन येणारच नाहीत. माझ्याकडे बंदीच्या आधी आलेला एकच सेट राहिलाय. मुंबईची एक पार्टी मागतेय, पण तुमची गाडी बघितली आणि वाटलं इथेच जावा."

मी अगदीच बावळट नाही. टायरवर डेट कोड असतो हे मला माहीत होतं. साइडवॉलवर डीओटी लिहिलेलं असतं, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मी त्याला म्हणलं कोडचा फोटो पाठव. दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. एकदम क्लोजअप, २२१९, म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा, बाजूला टायर दाबून धरलेला अंगठा, नखात काळी उभी चीर, कधीतरी हातोडी बसल्यासारखी. बंदीच्या आधीचा माल, वर्ष बरोबर जुळतंय. मी खूश. फोटोत टायरची साइज कुठेच दिसत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. फोटो त्याच टायरचा आहे कशावरून, हेही नाही.

भाव १८ हजाराला एक, स्पेअर धरून पाच, म्हणजे नव्वद हजार. बिल मागितलं तर म्हणे "देतो ना, पण २८ टक्के जीएसटी वर लागेल". मी गणित केलं, पंचवीस हजार वाचतात, म्हणलं राहू दे. तीस यूपीआयने, साठ कॅश. आणि अट एकच, फिटिंग त्याच्याच गोडाऊनमध्ये, त्याच्याच माणसाकडून, कारण "तारांची चाकं आहेत सर, साधा टायरवाला वाट लावेल". हे तसं खरं पण आहे, म्हणून तर पटलं. ट्यूब वर फ्री.

मी गेलो तेव्हा तीन चाकं आधीच चढवून तयार होती. टायर काळेभोर, चकचकीत, नक्षी पूर्ण खोल, वर नव्या टायरला असतात ते रबराचे केस सुद्धा होते. तेवढं बघून मला खात्रीच पटली. ते केस खरे होते बरं का! टायर खरंच कधी वापरलेले नव्हते. फसवणूक तिथे नव्हतीच.

पहिले काही महिने काही नाही. राइड जरा कडक वाटायची, म्हणलं जुनी गाडी, असणारच. पहिल्या पावसात सिग्नलला ब्रेक मारला तर गाडी साबणावरून गेल्यासारखी चार फूट सरकली, मी मनात ब्रेकला शिव्या दिल्या आणि मिस्त्रीकडून ड्रम उघडून घेतले. ड्रम ठीक होते.

ऑक्टोबरात मी आणि बायको वाईला गेलो, मेणवलीचा घाट वगैरे बघून परत निघालो. वाईहून निघाल्यापासूनच मागून एक धप धप येत होती, अगदी बारीक, स्पीड वाढवला की जवळजवळ येणारी. बायको म्हणाली मागे काहीतरी वाजतंय, मी म्हणलं बॅलन्सिंग असेल, पुण्यात बघू. हे वाक्य ती मला अजून ऐकवते. खंबाटकीचा बोगदा संपला, तो एस आकाराचा उतार उतरलो, आणि सरळ रस्त्याला लागून सत्तरचा स्पीड घेतला असेल नसेल तर मागे डावीकडे फाडफाड असा आवाज, कोणी पत्र्यावर चाबूक मारतंय असा, आणि गाडीचं बूड एका बाजूला ओढायला लागलं. ब्रेक जोरात नाही मारला एवढीच एक अक्कल त्या दिवशी चालली. हळूहळू कडेला घेतली. मागे बघतो तर टायरची नक्षीवाली अख्खी पट्टी रस्त्यात धामणीसारखी पडलेली, त्यातून गंजलेल्या तारा बाहेर. मडगार्डला वीतभर लांब पोचा. आणि टायरमध्ये हवा मात्र तशीच भरलेली! नुसता टकला टायर, फुगलेला.

हेच पाच मिनिटं आधी त्या एस वळणावर झालं असतं तर... असो.

स्पेअर टाकून तीस-चाळीसने शिरवळपर्यंत आलो, कडेला एक पंक्चरवाले मामा होते. वय सत्तरीचं, गळ्यात टॉवेल. त्यांनी टायर बघितला, काही बोलले नाहीत, नुसतं नख दाबलं. मग मला म्हणाले दाबा. दाबलं तर नख वाकलं, रबर हललं नाही. मग त्यांनी शेजारी उभ्या पिकअपचा टायर दाबायला लावला. तिथे नख रुतलं.

"कवाचा हाय हा?"

म्हणलं, चार वर्षांचा.

मामांनी टायर उलटा केला. कोड गाडीच्या आतल्या बाजूला होता, बाहेरच्या बाजूला डीओटीची ओळ होती पण शेवटचे आकडे नव्हते (बऱ्याच टायरला तारीख एकाच बाजूला असते, आणि त्या फिटरने पाचही टायर ती बाजू आत करून चढवलेले). तिथे बारकोडचं एक स्टिकर होतं. मामांनी ते स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं. खाली तीन आकडे निघाले, ३५८, पुढे एक छोटा त्रिकोण.

चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची. त्याआधी तीन असायचे, आणि नव्वदच्या दशकातल्या टायरवर असा त्रिकोण टाकायचे. म्हणजे १९९८ चा पस्तिसावा आठवडा. मी २०२३ मध्ये नव्वद हजार देऊन पंचवीस वर्षांचे टायर घेतले होते. बाकीचे नंतर बघितले, दोन १९९८ चेच, एक १९९७ चा, आणि एकावर कोडच घासून टाकलेला.

आतली ट्यूब निघाली ती वेगळीच कथा. तिच्यावर छापलेली साइजच दुसरी, मोठी ट्यूब कशीतरी कोंबलेली, दोन ठिकाणी घड्या पडलेल्या, आणि टायरच्या आत काळी पावडर जमलेली. मामा म्हणाले, "पट्टी नसती गेली तर ट्यूब गेली असती. काहीतरी जाणारच होतं."

न वापरलेला टायर पण असा कसा मरतो, हे मला तोपर्यंत नीट माहीत नव्हतं. रबरात ते सुकू नये म्हणून मेण आणि केमिकल घातलेली असतात. टायर फिरला, दबला की ती थोडीथोडी वर येतात आणि वरचा थर जपतात. पडून राहिला की ते होत नाही. त्यात हवेतला ऑक्सिजन आत मुरत जातो आणि स्टीलच्या पट्ट्यांच्या कडेचं रबर कडक होतं, पकड सुटत जाते, वरून मात्र नक्षी पूर्ण आणि पॉलिश मारलं की झालाच नवा. बऱ्याच कंपन्या सांगतात पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असो, काढून टाका. आपल्या जुन्या गाड्या वर्षाला हजार किलोमीटर पण चालत नाहीत, म्हणजे टायर झिजेपर्यंत थांबायचं म्हणलं तर पुढची पिढी येईल.

त्याला फोन केला. आधी म्हणाला ओव्हरलोड केली असेल. दोन माणसांची गाडी हो, ओव्हरलोड काय करणार, सासूबाईंना बॉनेटवर बसवलं होतं का? मग ३५८ चा फोटो पाठवला तर त्याचं उत्तर मी आयुष्यभर विसरणार नाही: "सर, विंटेज गाडीला विंटेजच टायर असणार ना." त्यानंतर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पहिला प्रश्न बिल आहे का. पोलीस चौकीत पण तोच प्रश्न. यूपीआयचे तीस हजार दिसतात, पण ते कशाचे हे कुठेच लिहिलेलं नाही, मी नोटमध्ये टाकलं होतं 'थँक्स'. पैसे आजतागायत परत नाहीत. २८ टक्के वाचवले ते असे.

मग गुपचूप मिस्त्रीकडे गेलो. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. साध्या दुकानातून स्विफ्टच्या मापाचे पाच घेतले, १६५/८० आर १४, ८५ टी, पक्कं बिल, आयएसआय मार्क, दुकानातच टॉर्च लावून प्रत्येकाचा कोड स्वतः वाचला, पाचही त्याच वर्षीचे. पाच मिळून पंचवीस हजारांच्या आत. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो वजन झेपतं, गाडी सगळी मिळून टनाच्या आसपास. टी म्हणजे ताशी १९० किमी स्पीडपर्यंत. मूळचा एच २१० चा होता हे खरं, पण ही गाडी नवी असताना पण १६५-१७० च्या पुढे फारशी जात नव्हती आणि मी ८० च्या वर जात नाही.

तारांच्या चाकात ट्यूब लागतेच, कारण तारांच्या निपलमधून (तार रिमला आवळणाऱ्या नटांमधून) हवा जाते. दुकानवाला वाद घालत होता, ट्यूबलेसमध्ये ट्यूब कशाला म्हणून. ऐकू नका. रेडियलची ट्यूब, बरोब्बर मापाची, टायरच्या आत कागदी लेबल चिकटलेलं असेल ते काढून टाकायचं नाहीतर ट्यूब घासते, आणि निपलवर रबरी पट्टी. हवा पण गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, माझ्या गाडीला वीस-पंचवीस पीएसआयच्या घरातच लागते, पंपावरचा पोरगा न विचारता पस्तीस मारतो. आणि रुंद टायर टाकून मॉडर्न लूक वगैरे करायला जाऊ नका, पॉवर स्टिअरिंग नसतं, हात भरून येतात आणि मागे मडगार्डला घासतं.

रॅलीत नवीन टायरकडे कोणी बघितलं पण नाही. एक जण बराच वेळ वाकून बघत होता, मला वाटलं आता बोलतोय, तर तो विचारत होता पोचा कशाने पडला.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे परवा एका ओळखीच्यांनी त्यांच्या ट्रायम्फ स्पिटफायरसाठी (ही पण जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकारच) 'बंदीच्या आधीचे' टायर मिळाले म्हणून आनंदाने मला फोटो पाठवला. स्पिटफायरला १३ इंची लागतात. फोटोत साइज दिसतच नाही. क्लोजअप, २२१९, आणि बाजूला तोच अंगठा, नखात काळी चीर. तीन वेळा फोन लावलाय, अजून उचलला नाहीये.