पेटंट नको म्हणाले, म्हणून काम त्यांनाच दिलं (५ पैकी ४)

आमचा मसाल्यांचा धंदा सांगलीत. पॅकिंग वाढवण्याआधी ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचं ठरलं. पहिल्या ठिकाणी "रेसिपीचं पेटंटच काढून देतो" म्हणत भलाथोरला आकडा सांगितला. पुण्यातल्या या ट्रेडमार्क एजंटांनी मात्र चहा यायच्या आत विषय संपवला. "ताई, नाही मिळायचं. नुसतं मिश्रण आणि पारंपरिक ज्ञान, दोन्ही पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्येच बाद होतात." हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत दिलेलं पेटंट सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, तेही यांनीच सांगितलं. वर फुकटचा सल्ला: भाजणीचं प्रमाण घराबाहेर जाऊ देऊ नका.

मग लेबल पुढ्यात ओढून पेन्सिलीने एकेक शब्द खोडला. 'अस्सल' गेलं, 'घरगुती' गेलं, 'कोल्हापुरी' गेलं, 'कांदा-लसूण' तर जाणारच होतं. हे शब्द सगळेच वापरतात, त्यावर एकट्याने हक्क सांगितला की ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ चा आक्षेप ठरलेला. उरलं ते सासूबाईंचं माहेरचं लाडाचं नाव. त्याचाच अर्ज केला. सासूबाई आता रॉयल्टी मागतात.

नोंदणीत मालाचे वर्ग असतात: मसाला वर्ग ३० मध्ये, लोणचं २९ मध्ये, आणि फी प्रत्येक वर्गाला वेगळी. सध्या फक्त मसाल्याचा अर्ज केलाय. ऑनलाइन सरकारी फी ४५०० रुपये; आमची भागीदारी फर्म, त्यामुळे लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र नसतं तर ९००० पडले असते. एजंटांची फी कोटेशनमध्ये सुटी लिहिली होती, हे आवडलं.

एक तारा कापला तो अर्जानंतरच्या ढिलाईसाठी. मिळतंजुळतं नाव आधीच आहे म्हणून कलम ११ चा आक्षेप आला, तो मलाच ट्रेडमार्क कार्यालयाच्या साइटवर अर्ज क्रमांक टाकून कळला. उत्तराला ३० दिवस असतात, त्यातला आठवडा असाच गेला. ऑफिसातली मुलगी "सर हिअरिंगला गेलेत" एवढंच सांगायची. उत्तर मात्र मुद्देसूद दिलं आणि नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं. आता चार महिन्यांत कुणी विरोध केला नाही तर नोंदणी, दहा वर्षांसाठी.

छपाईवाला आत्ताच गोलातला आर, म्हणजे नोंदणी झाल्याची खूण, टाकायला निघाला होता. नोंदणीआधी तो वापरणं बेकायदा आहे. तूर्त टीएमच (नुसतं 'ट्रेडमार्क') छापलंय. लोणच्याचा अर्जही यांच्याकडेच देणार, पण आक्षेप आला की कळवणार कोण, ते आधी लेखी घेऊन.