ओढ्यातले किडे पकडायची जाळी: जाळी भारी, शिवण डोक्याला ताप

डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी कितपत चांगलं आहे हे आम्ही काही जण त्यातल्या किड्यांवरून बघतो, त्यासाठी हा किट मागवला होता. डी आकाराची फ्रेम, 500 मायक्रॉनची जाळी, दोन तुकड्यांचा दांडा, पांढरा ट्रे, चिमटा, भिंग. सहा ओढे झाले वापरून.

जाळी कामाला एकदम ओके. सपाट बाजू तळाला नीट टेकते, आपण प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभं राहून तीन मिनिटं पायाने गोटे ढवळायचे की सुटलेलं सगळं वाहत येऊन जाळीत. फक्त गाळ जास्त असला की भोकं बुजतात, पाणी बाजूने वळून जातं आणि किडेही त्याच्याबरोबर, मग मधेच उचलून रिकामी करा. ट्रे तर बेस्टच, पांढऱ्यावर बारकी पिल्लंपण पटकन दिसतात, मेफ्लाय नावाच्या किड्याच्या पिल्लांचे पोटाच्या कडेचे कल्ले फडफडताना बघायला मजा येते. पण भिंग म्हणजे खेळणं आहे हो. मेफ्लायला सहसा तीन शेपट्या, स्टोनफ्लाय नावाच्या दुसऱ्या किड्याला दोन, पण दोन शेपट्यांच्या मेफ्लायपण असतात, मग पायाच्या टोकाला नख्या एक की दोन ते बघावं लागतं आणि या भिंगातून नखी सोडा, पाय धड दिसत नाही. स्टोनफ्लायला दोन नख्या असतात, मी शेवटी दुसरं भिंग घेतलं.

दांड्याचा जॉइंट जोराच्या पाण्यात फिरतो, टेप लावला, विषय संपला.

खरी बोंब शिवणीची. पिशवीच्या तळाला आतून कापड दुमडून शिवलंय, तिथे खाच तयार होते. चौथ्या ओढ्यात एकही स्टोनफ्लाय मिळाली नाही, हा किडा चांगल्या पाण्यातच टिकतो, म्हणून मला वाटलं गेलं इथलं पाणी, आणि घरी जाळी वाळत घालताना बघतो तर खाचेत दोन अडकलेल्या, पर्लिडी कुटुंबातल्या! सापडलेल्या किड्यांच्या कुटुंबांना मार्क देऊन पाणी जोखायच्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत या कुटुंबाला 10 मार्क असतात, घाण पाण्यातही तगणाऱ्या कायरोनोमिडी कुटुंबाच्या (डासासारख्या बारक्या माश्यांच्या) अळ्यांना 2, म्हणजे दोन किडे शिवणीत राहिले की आख्ख्या ओढ्याचा निकाल घसरला. उलटंही होतं, आधीच्या ओढ्यातला किडा पुढच्या ओढ्याच्या नावावर चढतो, ते तर जास्त वाईट, कारण खराब पाणी चांगलं दिसतं आणि कुणाला शंकापण येत नाही.

विकणाऱ्याला कळवलं तर म्हणे जाळी फाटलेली नाही, मग डिफेक्ट नाही. धन्य.

आता दरवेळी पिशवी उलटी करून ट्रेमध्येच खंगाळतो, मग जुन्या टूथब्रशने शिवणीवरून हलक्या हाताने फिरवतो. पाच मिनिटं जातात पण परवा त्यातूनच वाळूच्या घरासकट कॅडिस नावाच्या किड्याची एक अळी निघाली. पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक निव्वळ ट्रेसाठी.