"काही झालेलं नाही तुला" म्हणणारे डॉक्टर: तिथेच राहायचं की दुसरीकडे जायचं?

डॉक्टरांनी माझा एक्सरे ट्यूबलाइटसमोर धरला, दोन सेकंद बघितला आणि परत पाकिटात सरकवला. "काही झालेलं नाही तुला. बँकेत बैठं काम ना? वजन उतरव, चालायला जा." मी २७ वर्षांची होते आणि दोन वर्षं रोज पहाटे चारच्या सुमाराला कंबर धरून उठत होते. पुढचा पेशंट दारातून डोकावत होता, मीही उठले.

घरी दोन तट पडले. बाबा म्हणाले, एवढे नावाजलेले डॉक्टर आहेत, पुन्हा त्यांनाच दाखव. मावशीचं म्हणणं, दुसरा डॉक्टर बघ. निदान शेवटी झालं ते मणक्याच्या सुजेच्या संधिवाताचं, म्हणजे अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसच्या कुळातलं. तोवर मी दोन्ही वाटा तुडवून झाले होते, आणि एक तिसरी चुकीचीही.

तेच डॉक्टर, पण तयारीने

ही वाट स्वस्त. जुने कागद त्यांच्याकडे असतात, फेरतपासणीची फी बहुधा कमी असते, सुट्टी टाकून दुसऱ्या गावी जावं लागत नाही. आणि खरं सांगायचं तर पहिल्या वेळी चूक थोडी माझीही होती. मी नुसतं "कंबर दुखते" म्हणाले. तसं म्हणणारे त्यांच्याकडे दिवसभर येतात, आणि त्यातल्या बहुतेकांचं दुखणं खरोखरच बसण्या-उचलण्याचं असतं.

फरक पडतो तो तपशिलाने. साधी कंबरदुखी आराम केला की कमी होते. सुजेची कंबरदुखी पडून राहिलं की वाढते आणि हालचाल केली की सुटते. ती हळूहळू, बहुतेकदा पंचेचाळिशीच्या आत सुरू होते, रात्रीच्या उत्तरार्धात जागं करते, आणि सकाळचं आखडलेपण अर्धा तास किंवा त्याहून जास्त टिकतं. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तारखांच्या चौकोनात लिहायला लागले: "४.१०ला जाग. ५० मिनिटं. चहा करता करता सुटलं." महिनाभराचं ते पान घेऊन मी परत गेले.

डॉक्टरांना एवढंच विचारायचं: "हे सुजेचं दुखणं नाही असं तुम्ही कशावरून म्हणताय?" कारण सांगितलं, आपल्या मताविरुद्ध का असेना, तर तिथेच राहा. ते डॉक्टर विचार करताहेत. "एक्सरे नॉर्मल आहे" हे मात्र पुरेसं कारण नाही. या आजारात एक्सरे कित्येक वर्षं स्वच्छ येऊ शकतो, आणि ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यासुद्धा. मला उत्तर मिळालं, "गूगल वाचून आलीस का?" पानाकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्यापुरता निर्णय तिथे झाला.

दुसरे डॉक्टर, पण तीच शाखा

ही ती चुकीची वाट. चिडून मी गेले ते पुन्हा हाडांच्याच डॉक्टरांकडे. ते प्रेमाने बोलले, एमआरआयही केला, पण कमरेच्या मणक्यांचा. रिपोर्टमध्ये एक चकती किंचित फुगलेली दिसली आणि मला पट्टा मिळाला. अशा फुगलेल्या चकत्या काहीही न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास सापडतात. हा आजार बहुधा आधी दिसतो तो खाली, माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या दोन्ही बाजूंच्या सॅक्रोइलिअ‍ॅक सांध्यांत. ते सांधे नीट बघायचे तर त्यांचा वेगळा एमआरआय लागतो, ज्यात सूज उठून दिसते. काही हजार रुपये गेले ते गेलेच, वर चुकीचं नाव चिकटलं. "काही नाही"पेक्षा ते वाईट, कारण मग आपण शोधणंच थांबवतो. मी आठ महिने थांबले.

शाखाच बदलणं

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: जायचंच तर शाखा बदलून जा. सांध्यांच्या सुजेसाठी संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. अडचण अशी की हे डॉक्टर थोडे आणि बहुतेक मोठ्या शहरांत. आम्हा सातारकरांना पुणं गाठावं लागतं, भेटीची तारीखही लांबची मिळते. पण तिथे मला विचारलं काय? डोळा कधी लाल होऊन दुखला का, टाच दुखते का, घरात कुणाला सोरायसिस आहे का, वेदनाशामक गोळीने किती फरक पडतो. कमरेसाठी गेलेल्या बाईला डोळ्याचं विचारणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

या आजाराशी संबंध असलेल्या एचएलए-बी२७ जनुकाची तपासणी स्वतःहून करून नेण्याचा मोह आवरा. ती पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि निगेटिव्ह असूनही तो असू शकतो. कधी करायची ते डॉक्टरांना ठरवू दे.

पैशाची ओढाताण असेल तर मोठं सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय बघा. मुंबईत केईएमला संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. दिवस रांगेत जातो आणि दर खेपेला वेगळे निवासी डॉक्टर भेटू शकतात. पण हीच शिकणारी मुलं कहाणी पहिल्यापासून लिहून घेतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

दोन्हीकडे उपयोगी पडते ती फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी. आमच्या डॉक्टरकाकांनी दोनच ओळी लिहिल्या: दोन वर्षांहून जास्त काळ सकाळी ५० मिनिटं आखडणं, एक्सरे नॉर्मल, सुजेच्या कंबरदुखीची शंका. माझ्या तोंडून जे गूगल वाटलं, ते त्यांच्या लेटरहेडवर वैद्यकीय झालं.

पायातली ताकद जात असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर ही तुलना बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठा. ताप आणि वजन घटणं सोबत असेल तर मणक्याचा टीबी आधी तपासायला हवा. डोळा लाल होऊन उजेड सहन होत नसेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

दुसरं मत घेताना अपराधी वाटतं, मलाही वाटलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत तो हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. कुठे दाखल झाला असाल तर २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं मिळायला हवीत. दाखल न होता केलेल्या तपासणीतली फिल्म आणि चिठ्ठ्या मात्र निघतानाच मागून घ्या, नंतर कपाटात सापडत नाहीत.

पुण्याला जाताना आई बसमध्ये सांगत होती, आधीच्या डॉक्टरांनी हाकललं असं बोलू नकोस, वाईट दिसतं. मी काहीच बोलले नाही, सगळी फाइल टेबलावर ठेवली. मॅडमनी एक्सरेचं पाकीट बाजूला सारलं आणि खालून डोकावणारं कालनिर्णयचं पान ओढून घेतलं. "हे रोज लिहिलंस?" त्यांनी विचारलं आणि पेनाचं टोपण काढलं.